मेळ नाही

दहावीच्या नाट्य विषयाच्या प्रात्यक्षिकात ओवी सुतारने विसराळू नवरदेव उभा केला. स्वतःच्याच लग्नात हा पठ्ठ्या आहेराचं पाकीट घेऊन पाहुण्यांच्या रांगेत उभा! वर्ग पोट धरून हसला, टिळेकर बाईंनी तर पदराने डोळे पुसले. मग त्यांनी गुण देणाऱ्या यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. ‘चेहरा आनंदी. मन दुःखी. मेळ नाही. गुण शून्य.’

वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी तिला जवळ बोलावलं. “अगं, वर्षभर काय शिकवलं मी? मनगटावरच्या पट्टीला मनातलं सगळं कळतं. बाकीची पोरं बघ, आधी मनात आनंद आणतात, मगच रंगमंचावर पाय ठेवतात. उद्या परत कर.”

“बाई, मिरजेला आईचं ऑपरेशन चाललंय आत्ता,” ओवी म्हणाली. “उद्या तरी आनंद कुठून आणू? आणि मनातच हसू असतं, तर अभिनय कशाला करावा लागला असता?”

बाईंनी तिच्या मनगटावरची पट्टी सोडवली, स्वतःच्या मुठीत धरली आणि त्या अगदी शांत, हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, “काही काळजी करू नकोस. बरी होईल हो तुझी आई.”

मुठीतली पट्टी थरथरली. पडद्यावर नवी अक्षरं उमटली. ‘चेहरा शांत. मन घाबरलेलं. मेळ नाही. गुण शून्य.’

ओवीने ती वाचली. डोळे पुसत ती म्हणाली, “छान केलंत, बाई.”