मुकं खोकं

चुईने खोकं कानाशी धरलं, अलगद हलवलं. खोक्यातून आवाजच आला नाही.

व्हर्नन टॅकेटच्या गॅरेजमध्ये जुनी खेळणी जमवणाऱ्या क्लबची मंडळी दर वर्षी जमायची ती या खोक्यासाठी. भिंतीभर राक्षसांचे रबरी मुखवटे होते, च्युइंग गमबरोबर मिळणारी जुनी चित्रं होती, स्टिकर होते, पण ते सगळ्यांकडेच असतात. हे खोकं साठ वर्षांपूर्वीचं. झाकणावर बटाट्याएवढ्या डोळ्यांचा राक्षस जीभ लोंबवत, आपल्याहून लहान मोटारीत कसाबसा कोंबून बसलेला, मागून ज्वाळा निघतायत. आत या राक्षसाच्या प्लॅस्टिकच्या मॉडेलचे, डिंकाने जोडून रंगवायचे सुटे भाग, दुकानातून आले तसे, वेष्टनही न फाडलेलं. बीन्स आणि मक्याचा पाव खाऊन झाला की व्हर्नन ते फळीवरून उतरवायचा. प्रत्येकाने एकदाच हलवायचं, आतली खुळखुळ ऐकायची आणि पुढच्याला द्यायचं. पहिला मान चुईचा. जन्मभर बेकर्सफील्डमध्ये मोटारी रंगवलेला माणूस. गाडी गल्लीत वळली की तिचा कुठला नट ढिला झालाय ते बसल्या जागी सांगायचा.

आत राक्षस होता, नव्हता असं नाही. पण तो जोडलेला होता. रंगवलेलासुद्धा.

मार्चमध्ये व्हर्ननची बायको लोरीन बहिणीकडे गेली होती. तेव्हाच त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि झाकणावरचा नारिंगी रंग त्याला असा काही दिसला की त्याच्या मनाने घेतलं, बस्स झालं, आता हा त्या गाडीत बसलेला मला बघायचाय. मग लोरीन परत येईपर्यंत त्याला जेवणाखाणाची शुद्ध नव्हती. इतकी मजा त्याला कित्येक वर्षांत आली नव्हती. काम झाल्यावर त्याने नवं वेष्टन चढवलं, लोरीनच्या हेअर ड्रायरने ते चापून बसवलं, आणि राक्षसाला धक्का लागू नये म्हणून त्याला आपल्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलं. सगळं सुचलं. फक्त बनियनमधला राक्षस खुळखुळत नाही, एवढंच सुचलं नाही.

आणि हा तोच व्हर्नन, ज्याने खोकी फोडून मॉडेलं जोडत बसणाऱ्यांची आजवर सालटी काढली होती. त्यांची बोटं कायम डिंकाने चिकट, म्हणून त्याने त्यांना नावच ठेवलं होतं, डिंक्या. सगळ्यात मोठा डिंक्या चुई. बिचारा आणेल ते खोकं घरी पोचायच्या आत फोडायचा. चारचौघांत, बायकांसमोर, खुद्द चुईच्या मुलीच्या लग्नातसुद्धा व्हर्ननने त्याला याच नावाने हाक मारली होती. आता परतफेडीची वेळ आली होती. आपण चुईच्या जागी असतो तर सोडलं नसतं, हे व्हर्ननला पक्कं ठाऊक होतं.

चुईने खोकं पुन्हा हलवलं. मग ते नाकाशी नेलं आणि हुंगलं. व्हर्नन जमिनीकडे बघू लागला.

"आण इकडे, माझी पाळी," ड्वाइट म्हणाला. तो क्लबचा खजिनदार, प्रत्येक गोष्टीत घाई.

"हात बघ आधी. बीन्स लागलेत." ड्वाइट पँटला हात पुसू लागला. तेवढ्यात चुईने खोकं उजेडाकडे वळवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आणि हा कोपरा बघितलात? विरत चाललाय. हलवून हलवून फाडणार आहात का याला? यापुढे नुसतं बघायचं."

कोपऱ्याचं नाव काढलं की ही मंडळी हळवी होतात. सगळे चुकचुकले. हे कधीच बंद करायला हवं होतं, असंही कुणीतरी म्हणालं. ड्वाइट तर स्वतः स्टूल आणायला धावला. कोपऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. चुईने दोन्ही हातांनी खोकं वर, त्याच्या जागी ठेवलं.

मंडळी पांगली. चुई नेहमीसारखा खुर्च्या आवरायला मागे राहिला.

"डोळे कोणत्या रंगाचे केलेस?" चुईने खुर्ची मिटवत विचारलं.

व्हर्ननने आतल्या दाराकडे नजर टाकली. लोरीन भांडी घासत होती.

"पिवळे," तो हळूच म्हणाला. "त्यात लाल शिरा. एकेक शीर काढली, चुई. हात एकदाही थरथरला नाही."

"जिभेला चकाकी?"

"दोन हात दिले."

"तीन द्यायचे. म्हणजे ओली दिसते." चुईने आणखी एक खुर्ची मिटवली. "आवाज कसा बंद केलास?"

व्हर्ननने बनियनचं सांगितलं. चुई इतका हसला की मिटलेली खुर्ची उघडून त्याला तीत बसावं लागलं. त्याचं बघून व्हर्ननलाही हसू फुटलं. काय झालं म्हणून लोरीनने आतून विचारलं, तर दोघांनाही धड सांगता येईना.

चुईने आपलं बीन्सचं रिकामं पातेलं उचललं, गाडीत ठेवलं आणि काच खाली केली. शनिवारी तो चकाकीची बाटली घेऊन येणार होता.

"येतो रे, डिंक्या," तो अगदी हळू म्हणाला.

गाडी वळेपर्यंत व्हर्नन दारातच उभा होता. कुणी ऐकलं नव्हतं. जरा मोठ्याने म्हणाला असता तरी चाललं असतं, असं त्याला वाटून गेलं.