पाच घरची मेंढरं

चारच्या एस.टी.ला अजून घटकाभर अवकाश होता, आणि बानूबाई काही केल्या पाहुण्यांना जाऊ द्यायला तयार नव्हती.

पाहुणे म्हणजे हमीद, त्याची बायको जमीला आणि सहा वर्षांची लेक. काबूलच्या लढाईत घरावर रॉकेट पडलं, तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली माणसं. पुण्यात शिकताना हमीद बानूबाईच्या लेकाच्या, मानसिंगच्या खोलीत राहायचा. त्या ओळखीवर महिन्यापूर्वी तिघं नरसिंहपूरजवळच्या या धनगरवस्तीवर येऊन टेकली होती. वस्तीनं काही कमी केलं नव्हतं. ज्वारी आली, वाकळा आल्या, शेजारच्या साखरबाईनं तर न नेसलेलं नवं लुगडं दिलं. हमीद दोन्ही हातांनी घ्यायचा, मान खाली घालायचा, आणि दर खेपेला ती मान आणखी थोडी खाली जायची. परवा तो म्हणाला, "आम्ही दिल्लीला जातो." दिल्लीत त्याच्या ओळखीचं काळं कुत्रंही नव्हतं. बानूबाईला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून परवाच तिनं वस्तीत घरोघरी निरोप धाडला होता.

आता मानसिंगच्या हातात पाहुण्यांची पिशवी होती आणि बानूबाई वाटेकडं डोळे लावून उभी होती.

आली एकदाची वस्तीची मंडळी. अप्पांनी मेंढी दोरीला धरून आणली. साखरबाई आणि बनाबाई आपापल्या मेंढ्या पुढं घालून हाकत आल्या. झुंबरनं कळप विकून दहा वर्षं झाली होती. तो काल इंदापूरच्या बाजाराला गेला होता आणि आज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एकच मेंढी नवरीसारखी मिरवत घेऊन आला. पाचवी बानूबाईची स्वतःची, काळ्या तोंडाची.

"हे काय, आई?" हमीदनं विचारलं.

"तुजा कळप बुडाला न्हवं?" बानूबाई म्हणाली. "रोगानं बुडू दे, पुरानं बुडू दे, न्हायतर लढाईनं. बुडाला की घरटी एक मेंढी द्यायाची. आमच्यात रीत हाय."

हमीद ओशाळला. "आई, मी पूल बांधणारा माणूस. माझा कळप कधी नव्हताच."

मानसिंगनं कपाळाला हात लावला. डोंगराकडचा माणूस म्हणजे मेंढरांचाच धनी असणार, हे बानूबाईनं परस्पर ठरवून टाकलं होतं. विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. पण ती माघार घेणाऱ्यातली नव्हती.

"न्हवता तर आता झाला," ती म्हणाली. "आन ह्ये दान न्हवं, ध्येनात ठेव. कळप वाढला की ज्येचा बुडाला आसंल त्येला तू द्यायाची. माज्या सासऱ्यानं दुष्काळात आशीच घेतल्याली, मागनं सात जनांना दिली."

"मी द्यायची?"

"मग? जलमभर आमीच देत बसायचं व्हय?"

 महिन्यात पहिल्यांदा हमीदनं बानूबाईकडं सरळ पाहिलं, आणि तिला बरं वाटलं.

तेवढ्यात जमीला खळखळून हसली. झुंबरच्या मेंढीपाशी वाकून ती आपल्या भाषेत काहीतरी सांगत होती.

"ती म्हणते," हमीद चाचरत म्हणाला, "हा मेंढा आहे."

सगळी वस्ती हसत सुटली. साखरबाईनं तर पदर तोंडात कोंबला. "आरं मुडद्या!" अप्पा ओरडले. "ट्रॅक्टरचा बोल्ट नि बोल्ट वळकतोस, आन धनगराच्या पोटी येऊन मेंढी वळकंना व्हय?"

"बाजारात मेंढीच म्हनून दिली!" झुंबर म्हणाला.

"वाकून बगायला पैसं पडत व्हतं?"

"ऱ्हाऊ दे त्यो बी," बानूबाई हसता हसता म्हणाली. "कळपाला लागतोयच की."

जमीला मात्र आता हसत नव्हती. ती काळ्या तोंडाच्या मेंढीजवळ बसली होती. तिनं कास पाहिली, पोटाखाली दोन्ही हात घातले आणि डोळे मिटून चाचपलं. मग नवऱ्याला घाईघाईनं काही सांगितलं.

"ती म्हणते, ही दोन दिवसांत विणार. पोटात दोन आहेत, त्यातलं एक आडवं आहे." मग हमीद हळूच म्हणाला, "तिचे वडील मेंढपाळ होते, आई. लाजेपोटी मी कधी कुणाला सांगितलं नाही."

बानूबाई मेंढीच्या दुसऱ्या बाजूला टेकली. तिनंही हात घातला. पोटाखाली जमीलाची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि जमीलानं तिचा हात धरून योग्य जागी नेऊन ठेवला. खरंच दोन होती. एक आडवं होतं. साठ वर्षं मेंढरांत काढलेल्या बानूबाईला आपल्याच मेंढीचं हे कळलं नव्हतं, आणि त्याचं तिला जराही वाईट वाटलं नाही.

रस्त्यावर हॉर्न वाजला. एस.टी. वस्तीच्या फाट्यावर उभी राहिली. "दिल्लीचं पावनं!" मानसिंगनं सकाळीच सांगून ठेवलेल्या कंडक्टरनं दारातून हाक मारली. "चला लवकर!"

मानसिंगनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हमीदनं बायकोकडं पाहिलं. तिनं मान वर केली नाही. मेंढीच्या पोटावर हात ठेवून ती लेकीला पाणी आणायला सांगत होती.

हमीद एकटाच फाट्याकडं चालू लागला. बानूबाई चार पावलं त्याच्या मागं गेली. आता हा काय बोलतो आणि काय नाही!

तो एस.टी.च्या दाराशी गेला.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "आमची मेंढी विणार आहे."

कंडक्टर इकडचाच, मेंढरांच्या मुलखातला होता. त्यानं पुढं काही विचारलं नाही, घंटी मारली.