समोरची खुर्ची

विद्यापीठाच्या वेबसाइटसाठी समुपदेशक मॅडमचं शूटिंग चाललं होतं.

"माझी पद्धत साधी आहे," मॅडम कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या. "मी उपदेशाचे डोस पाजत नाही, फक्त ऐकते. खरं तर मुलांनी तोंड उघडायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावरून मला सगळं कळतं."

आता कॅमेरामनला समोरच्या खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलेलं हवं होतं. तेवढ्यात दारात एक मुलगी घुटमळताना दिसली.

"मॅडम, मला जरा बोलायचं होतं..."

"अगं, बरी सापडलीस! बस इथे. तुझा चेहरा दिसणार नाही, आवाजही घेणार नाहीत. नुसतं काहीतरी बोलत राहा."

मुलगी बसली. आधी अडखळत बोलली, मग बांध फुटल्यासारखी बोलतच सुटली आणि शेवटी ओंजळीत तोंड लपवून ढसाढसा रडली. मॅडम कॅमेरामनच्या खुणेबरहुकूम मान हलवत होत्या. टिश्यूचा डबाही त्यांनी नीट कॅमेऱ्यात येईल असा पुढे सरकवला.

"ओके, झालं!" कॅमेरामन म्हणाला.

मॅडमनी खूश होऊन मुलीच्या पाठीवर थाप मारली.



"काय भारी रडलीस गं! नाटकात काम करतेस का?"