पितळी मासे

“सूनबाई, त्याच्या शिल्पांना मोटर लावू देऊ नकोस. दिव्याच्या धगीनंच फिरली पाहिजेत,” सासरे जाताना म्हणाले होते. मी वचन दिलं. ह्यांच्या नव्या शिल्पात दिव्यावर पितळी मासे फिरतात आणि भिंतीवर सावल्या पोहतात. पहिल्या दिवशी पोहल्या, मग आठ दिवस हलेनात. झुळूक नको म्हणून पंखे बंद. मासे फिरावेत म्हणून एकवेळ जेवणारी मी घामानं निथळत वाती वळतेय आणि हे करवादतायत, “तुझ्या देवाला सांग ढकलायला.” आज प्रदर्शन. वैतागून हे मोटर आणायला पळस्प्याहून पनवेलला गेले, फोन घरीच टाकून. मी नेमानं शिल्पाला हळदकुंकू वाहायला गेले आणि हात थबकला. मासे तोलणाऱ्या सुईच्या टोकावर माझंच रोजचं कुंकू साचलं होतं. फडक्यानं पुसलं, दिवा लावला. मासे फिरले. ते लाल फडकं घेऊन मी ह्यांना गाठायला पनवेलची रिक्षा पकडली.