झाकणाचा उसासा

पुतण्याने झाकण खोक्यावर नुसते टेकवले आणि बोट काढून घेतले. आतली हवा हळूहळू सोडीत ते आपल्याच भाराने खाली उतरले आणि एक दीर्घ उसासा टाकून स्थिर झाले. बायको पाहतच राहिली.

"पण यात भरायचं काय?"

"शांतता."

"मग आपल्याकडे दोन डझन पाठवायला सांगा."

मोठ्या कंपनीची अटच तशी होती. खोक्यांच्या रचनाकाराची जागा एकच; उमेदवाराने अस्तित्वात नसलेल्या मालाचे, म्हणजे विकत मिळणाऱ्या शांततेचे, नाव, चिन्ह आणि खोका तयार करून आणावयाचा. जाहिरात त्याने न्हाव्याकडे वाचली होती. कात्रण काढावे म्हणून काकांच्या खोक्यांच्या दुकानातले वर्तमानपत्र उघडले, तर त्या जागी चौकोनी भोक. अक्षरांचे नमुने कापून ठेवण्याची काकांना जुनी खोड होती.

झाकण ही काकांचीच विद्या. खोक्याच्या आणि झाकणाच्या भिंतींमध्ये केसभर फट ठेवायची, एवढेच त्यांनी शिकविले. केसभर म्हणजे किती, हे बोटांना उमगेपर्यंत पुतण्याचे अर्धे तारुण्य सरले. त्या दोघांखेरीज शहरात ते कुणाला साधले नव्हते.

दुकानाची खिडकी पुठ्ठ्यांच्या थप्प्यांनी केव्हाच बुजली होती. काका-पुतणे गुडघ्याला गुडघा लावून बसत. गिऱ्हाईक विरळ, बोलणे त्याहून विरळ. पुतण्या धीर करून काही सांगू पाही, तोच काका म्हणत, "तुझ्या बापाला मी शब्द दिलाय. तू आहेस तोवर हे दुकान बंद व्हायचं नाही." की ओठांवर आलेले वाक्य पुन्हा घशात उतरे. ज्याने बापाच्या मागे हाताला धरून वाढविले, त्याला मला जाऊ द्या म्हणून कोणत्या तोंडाने सांगावे?

मुलाखतीच्या दिवशी सकाळी काका डाव्या गालावर हात ठेवून बसलेले. दाढ ठणकते आहे, आज उपटूनच येतो, म्हणाले. पुतण्याला देव पावला. चेहरा मात्र त्याने प्रसंगाला शोभेसा केला.

"तुम्ही निवांत जाऊन या काका. दुकान मी बघतो."

"बघशीलच. तू कुठे जातोयस?"

वाक्य साधेच होते. पण बाहेरून कुणी कडी घालावी तसे पुतण्याला वाटले. काका जुनी कापडी पिशवी काखेत मारून निघाले. ते कोपऱ्यावरून वळताच त्याने दुकानाला कुलूप घातले.

कंपनीच्या स्वागतिकेने त्याला भिंतीलगतच्या खुर्चीवर बसविले. आत एक उमेदवार आहेत, त्यांचे झाले की तुम्ही, असे तिने सांगितले. मांडीवर खोका धरून तो मनाशी शब्द जुळवू लागला. नोकरी मिळाली तर आजच सांगायचे. पाया पडायचे आणि सांगायचे. काका रागावतील, कदाचित रडतील, तेही सोसायचे.

पातळ भिंतीपलीकडचे बोलणे थांबले. क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग एक दीर्घ, संथ उसासा आला.

त्याने दचकून आपला खोका चाचपला. झाकण जागच्या जागी होते.

दार उघडले. कापडी पिशवी उराशी धरून काका बाहेर आले. पुतण्याला पाहताच त्यांचा हात आपसूक गालाकडे गेला. या खेपेस उजव्या.