उघडे डोळे

मिस्टर ट्रेवेनांनी रंगवलेल्या चित्रात एक हेझल डॉरमाउस, म्हणजे हिवाळाभर झोपणारा उंदराएवढा प्राणी होता, त्याची झुपकेदार शेपूट, दोन टपोरे काळे डोळे आणि पुढ्यात चार हेझलनट.

"जानेवारीत हा जागा कसा, मिस्टर ट्रेवेना?" मी विचारलं. "अंगावरच्या चरबीवर हे एप्रिलपर्यंत झोपतात. मधेच जागे झाले, की ती जळून जाते."

"झोपलेलाच होता. झुडपांचं कुंपण छाटताना सापडला, मग आठवडाभर शेगडीपाशी ठेवला. मिटलेले डोळे कोण विकत घेतो, पोरी?"

"अठरा ग्रॅमच्या खाली गेला, तर एप्रिल बघत नाही तो."

"ग्रॅम! तुम्हा वजनकाटेवाल्यांना मोनालिसा दाखवली, तरी वजनच विचाराल. घे, पुन्हा झोपलाय. ठेव नेऊन कुंपणात."

त्यांनी दिलेला बुटांचा खोका मी उघडला आणि प्राणी माझ्या वजनकाट्यावर ठेवला.

अकरा ग्रॅम.