तीन पाळ्यांची हजेरी

"कोणतं बटण चुकलं तेवढं सांगा निशांतजी, म्हणजे मी तसं लिहून देते."

सुलोचनाबाई देपालपूरहून पहिल्या बसने शहरात आल्या होत्या. पलासियातल्या त्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत, खुर्चीच्या अगदी कडेला टेकून त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला. शनिवारी डोळ्यांच्या शिबिराच्या ऐन गर्दीत दवाखान्याचा कॉम्प्युटर अडला, नावांची यादी उघडेना, आणि चाळीस म्हातारी माणसं ऑपरेशनवाचून घरी गेली. कॉम्प्युटरवर बाईच बसायच्या. दवाखान्याच्या ट्रस्टने त्यांना बजावलं होतं, चूक लेखी कबूल करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

ट्रस्टला तरी काय बोल लावायचा? प्रोग्राम लिहिणाऱ्या निशांतनेच फोनवर ठणकावून सांगितलं होतं, की प्रोग्राम तिन्ही जावांवर पास आहे, ऑपरेटरनेच काहीतरी उलटसुलट दाबलं असणार.

"तीन जावा एका मशीनमध्ये?" बाईंनी विचारलं. "भांडत नाहीत?"

"तशा जावा नाही हो. प्रोग्राम ज्याच्या जोरावर चालतो त्याचं नाव जावा. जुनी, मधली आणि नवी. तुमच्याकडे जुनी आहे. थांबा, चालवूनच दाखवतो."

पडद्यावर भराभर तीन ओळी उमटल्या. पाळी एक, पास. पाळी दोन, पास. पाळी तीन, पास.

"पाळी? मिलसारखी?"

"मिलच्या चाळीतच वाढलो ना मी. जुनी जावा पहिली पाळी, नवी तिसरी. तिघींची हजेरी लागली की काम फत्ते."

बाई पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "आमचे हे, मिलला टाळं लागेपर्यंत, तिथे हजेरीच घ्यायचे. म्हणायचे, नुसत्या आवाजावर जायचं नाही. एकच पठ्ठ्या तिघांच्या नावाने 'हाजिर' ओरडतो. म्हणून हे दर नावाला मान वर करून तोंड बघायचे. देर लगती थी, लोक चिडायचे, पण बघायचे."

निशांतही हसला. मग ते हसू ओठांवरच राहिलं. त्याने कधी तोंड बघितलं नव्हतं. त्याने चाचणीच्या फाईलमध्ये एक ओळ वाढवली, की पास म्हणण्याआधी प्रत्येक पाळीने आपली जावा कितवी ते सांगायचं. आणि पुन्हा चालवलं.

१.३. १.३. १.३.

तिन्ही वेळा नवीच. फाईलमध्ये त्याने नुसतं 'जावा' लिहिलं होतं, कोणत्या फोल्डरमधली ते लिहायचं राहिलं होतं. हाक मारली की जी पुढे उभी, तीच तिघींच्या नावाने ओ देत होती. दवाखान्यात होती त्या जुनीवर प्रोग्राम त्याने एकदाही तपासलेला नव्हता. हात आपसूक पुढे गेला आणि त्याने मॉनिटर बंद केला.

"लाइट गेली का?"

"हो... म्हणजे, तसंच काहीतरी."

"पंखा तर चालू आहे," बाई सहज म्हणाल्या आणि कागदाकडे वळल्या.

त्या पंख्याखाली निशांतला घाम फुटला. चोरी करताना पकडलं असतं तरी इतकी लाज वाटली नसती. बाईंनी सुरेख अक्षरात लिहायला घेतलं होतं, 'माझ्या हातून चुकून', आणि पुढे बटणाच्या नावापुरती जागा सोडली होती. आता त्या पेन धरून त्याच्या उत्तराची वाट बघत होत्या.

आतल्या खोलीतून मालकीणबाई, मधुरिमा मॅडम, डोकावल्या. "निशांत, देपालपूरचे ट्रस्टवाले फोनवर आहेत. नवीन ऑर्डर त्यांच्याच हातात आहे, विचार करून बोल. चूक कुणाची, फायनल सांग."

एक नाव घ्यायचं होतं फक्त, आणि ते नाव समोर कागद घेऊन तयार बसलं होतं.

निशांतने मॉनिटर पुन्हा चालू केला. पडद्यावर ते तीन आकडे तसेच होते. तो उभा राहिला.

"हाजिर," तो म्हणाला.

"क्या?" मॅडम वैतागल्या.

सुलोचनाबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं, मान वर केली आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं.